विजेच्या दराचे अर्थशास्त्र : बंगळुरूचे उदाहरण

धान्य कोठारात साठवता येते. वीज मात्र ज्या क्षणी मागितली जाते त्याच क्षणी निर्माण करावी लागते आणि मोठ्या प्रमाणावर तिची साठवण आजही खर्चिक आहे. त्यामुळे दिवसातील काही तासच टिकणाऱ्या कमाल मागणीसाठी यंत्रसामग्री वर्षभर सज्ज ठेवावी लागते. या सज्जतेचा खर्च कोणी सोसावा, हा वीजदर निश्चितीतील मूळ प्रश्न होय. बंगळुरूच्या विजेचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

म्हैसूर संस्थानाने कावेरीवर शिवनसमुद्र येथे उभारलेल्या जलविद्युत केंद्रातील वीज १९०२ मध्ये सुमारे १४७ किलोमीटर अंतरावरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळू लागली. बंगळुरू शहरात विजेचे दिवे लागले ते त्यानंतर, १९०५ मध्ये. हा क्रम योगायोगाचा नव्हता. जलविद्युत केंद्रात इंधनाचा खर्च नसतो; जवळजवळ सर्व खर्च बांधकाम, यंत्रे व वाहिन्या यांवर आधीच झालेला असतो. तो भरून येण्यासाठी अहोरात्र वीज घेणारा मोठा ग्राहक हवा, आणि खाणी तशा होत्या. त्यांच्याकडून युनिटप्रमाणे नव्हे, तर दर अश्वशक्तीमागे ठरावीक वार्षिक रक्कम घेतली जाई. आजच्या देयकातील ‘स्थिर आकारा’मागील तत्त्व हेच आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक किलोवॉट क्षमता वर्षभर सज्ज ठेवण्यास ८,७६० रुपये लागतात असे समजा. वर्षाचे तासही ८,७६० असल्याने ती क्षमता सतत वापरणाऱ्या ग्राहकाला हा खर्च युनिटमागे १ रुपया पडतो. रोज चारच तास वापरणाऱ्याची वर्षाची युनिटे १,४६० होतात, म्हणजे युनिटमागे ६ रुपये. केंद्र तेच, वाहिनी तीच. फरक केवळ भारांकाचा. परीक्षार्थींनी सरासरी मागणीचे कमाल मागणीशी असलेले हे गुणोत्तर नीट समजून घ्यावे, कारण दराविषयीचे बहुतेक वाद येथूनच सुरू होतात.

पुढे जोग व शरावती प्रकल्पांमुळे राज्याची भिस्त दीर्घकाळ पाण्यावर राहिली आणि पाऊस हुकला की तुटवडा ठरलेला. १९८५ पासून रायचूरच्या औष्णिक केंद्राने ही जोखीम कमी केली. पण कोळशाबरोबर इंधनखर्चही दरात आला. तुमकुरू जिल्ह्यातील पावगड येथील २,०५० मेगावॉटच्या सौर उद्यानाने चित्र पुन्हा पालटले. तेथे इंधनखर्च शून्य, परंतु सूर्यास्तानंतर निर्मितीही शून्य. दुपारच्या युनिटचे व सायंकाळच्या युनिटचे आर्थिक मूल्य त्यामुळे सारखे राहिलेले नाही. हव्या त्या तासाला सुरू करता येणाऱ्या जुन्या जलविद्युत केंद्रांचे मोल उलट वाढले आहे.

संस्थात्मक रचना थोडक्यात अशी : १९९९ च्या कर्नाटक वीज सुधारणा कायद्याने मंडळाचे विभाजन झाले, दरनिश्चिती नियामक आयोगाकडे गेली आणि २००२ मध्ये बंगळुरू व लगतच्या जिल्ह्यांतील वितरणासाठी ‘बेस्कॉम’ ही कंपनी कार्यरत झाली.

तरीही दराचे राजकारण मुख्यतः शेतीपंपांभोवतीच फिरते. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज दिली जाते. तिचा काही भार राज्य शासन अनुदानाने उचलते, तर काही भार सरासरी पुरवठा खर्चाहून अधिक दर देणाऱ्या उद्योग व व्यापारी ग्राहकांवर पडतो. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६१ मध्ये ती ‘कमी करून संपुष्टात आणावी’ असे होते. २००७ च्या दुरुस्तीने ‘संपुष्टात’ हा भाग वगळला गेला. २००६ च्या दर धोरणाने दर सरासरी खर्चाच्या २० टक्के वर-खाली या मर्यादेत आणण्याचे उद्दिष्ट ठेवले.

अडचण अशी की त्याच कायद्याच्या कलम ४२ ने मोठ्या ग्राहकाला वितरण कंपनीच्या तारा वापरून दुसऱ्याकडून वीज घेण्याची, म्हणजे ‘ओपन ॲक्सेस’ची, मुभा दिली. जाणाऱ्याकडून अधिभार घेता येतो, पण स्वतःच्या वापरासाठी वीज निर्माण करणाऱ्याकडून क्रॉस सबसिडीचा अधिभार घेता येत नाही. एखादा उद्योग आपली सौर वीज वापरू लागला, की स्थिर खर्च उरलेल्यांत वाटला जातो, दर वाढतो आणि पुढच्या ग्राहकालाही बाहेर पडणे परवडू लागते. मोठ्या खरेदीदाराच्या आधाराने सुरू झालेल्या व्यवस्थेला तो खरेदीदार गमावण्याची भीती आहे, आणि केवळ अधिभार वाढवून त्याला थोपवता येईल असे वाटत नाही.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘गृहज्योती’ योजनेचा मार्ग वेगळा आहे. योजनेच्या मूळ रचनेत घरगुती ग्राहकाला २०२२-२३ मधील सरासरी वापर अधिक दहा टक्के, कमाल २०० युनिट, इतकी वीज मोफत देण्यात आली. येथे भार अन्य ग्राहकांवर न टाकता शासनाच्या तिजोरीवर टाकला आहे. कलम ६५ नुसार अशी रक्कम शासनाने वितरण कंपनीला आगाऊ द्यावयाची असते. ती लांबल्यास कंपनीला कर्ज काढावे लागते. योजनेच्या रचनेत सीमांत दराचा एक विचित्र परिणामही दडलेला आहे. १५० युनिटांची पात्रता असलेल्या कुटुंबाने १८० युनिटे वापरली, तर त्याला ३० युनिटांचेच पैसे द्यावे लागतात. वापर २०१ युनिटांवर गेला, तर मात्र सर्व २०१ युनिटांचे देयक भरावे लागते.