कासदाह : दाहाची सुरुवात, शमन आणि गोठ्यातील दक्षता

कासदाह, अर्थात दगडी, हा दुग्धव्यवसायाला मोठी आर्थिक झळ पोहोचवणारा रोग आहे. बेंगळुरू येथील ‘निवेदी’ या पशुरोग साथविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एकत्रित विश्लेषणानुसार भारतात सुप्त कासदाहाचे प्रमाण सुमारे ४५ टक्के, तर लक्षणे दिसणाऱ्या कासदाहाचे सुमारे १८ टक्के आढळले. एकाच रोगाची ही दोन रूपे समजण्यासाठी शरीरातील संदेशवाहक रेणूंचे कार्य जाणून घेणे उपयुक्त ठरते.

दाहाची सुरुवात
सडाच्या छिद्रातून जंतू आत शिरताच कासेतील पेशी ‘सायटोकाइन’ ही संदेशवाहक प्रथिने स्रवतात. टीएनएफ-अल्फा व इंटरल्यूकिन-१ यांच्या प्रभावाने रक्तवाहिन्या रुंदावतात व पाझरू लागतात. कास गरम होऊन सुजते. इंटरल्यूकिन-८ न्यूट्रोफिल या श्वेत पेशींना जंतूंकडे आकर्षित करते. प्रोस्टाग्लँडिनमुळे वेदना व ताप येतो. मुळात हा दाह संरक्षणासाठीच असतो.

तीव्र आणि क्षीण प्रतिसाद
ई. कोलाय जंतूंच्या आवरणातील विषामुळे सायटोकाइन झपाट्याने वाढतात. त्यांचा प्रभाव सर्व शरीरावर झाल्यास जनावर दगावू शकते. याउलट, स्टॅफिलोकोकस ऑरियसविरुद्धचा प्रतिसाद बहुधा क्षीण असतो. त्यामुळे जंतू कासेत ठाण मांडतात आणि रोग सुप्त राहतो.

दाहाचे शमन
जंतूंचा नायनाट होऊ लागताच इंटरल्यूकिन-१० व टीजीएफ-बीटा हे रेणू दाह आवरतात. मृत न्यूट्रोफिल भक्षक पेशी गिळून टाकतात. जंतू शिल्लक राहिल्यास दाह रेंगाळतो, दूधनिर्मिती करणाऱ्या ऊतींची जागा तंतुमय ऊती घेतात आणि तो सड कायमचा निकामी होऊ शकतो.

गोठ्यातील दक्षता
• सुप्त कासदाह ओळखण्यासाठी प्रत्येक सडाच्या दुधाची नियमित सीएमटी चाचणी करावी.
• धार काढल्यानंतर सड जंतुनाशक द्रावणात बुडवावेत. सडाचे छिद्र मिटेपर्यंत, साधारण अर्धा तास, जनावर बसू देऊ नये.
• सूज किंवा ताप दिसताच पशुवैद्यकास बोलवावे. दाहशामक औषधाने सूज उतरते, जंतू मरत नाहीत; म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.
• डायक्लोफिनॅक वापरू नये. गिधाडांना घातक ठरल्याने जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांसाठी सुरक्षित पर्याय पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावा.