घरातील जाड वायर, बारीक वायर आणि त्यांचा जोड

घर घेताना आपण फरशी पाहतो, रंग पाहतो, नळाला पाणी किती वेळ येते ते विचारतो. भिंतीतून कोणती वायर गेली आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. पनवेलमधील जुन्या चाळी असोत की नवीन पनवेलमधील सुरुवातीच्या इमारती, बहुतेक ठिकाणी वायरिंग झाले ते पंखे, ट्यूबलाइट आणि टीव्ही एवढ्याच गरजेपुरते. पुढे गिझर आला, एसी आला. मग मीटरपासून माळ्यापर्यंत नवी जाड वायर ओढली जाते आणि भिंत फोडायला नको म्हणून शेवटचे दोन-तीन मीटर जुन्याच बारीक वायरला जोडून काम भागवले जाते.

दुकानात आपण 'एक एम.एम.', 'अडीच एम.एम.', 'चार एम.एम.' म्हणतो, तो आकडा वायरच्या व्यासाचा नसून आतील धातूच्या छेदाच्या क्षेत्रफळाचा, म्हणजे चौरस मिलिमीटरचा असतो. हे क्षेत्रफळ चौपट झाले की रोध एक चतुर्थांश होतो.

आता विद्यार्थी मित्रांनी कागद-पेन्सिल घ्यावी. ३००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. तांब्याच्या १ चौ. मि.मी. वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०१८ ओहम असतो. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे १६९ × ०.०१८, दर मीटरला सुमारे ३ वॅट उष्णता. ४ चौ. मि.मी. वायरमध्ये हीच उष्णता पाऊण वॅट भरते. ३ वॅट ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण बंद पाइपात, इतर वायरींच्या गर्दीत ती उष्णता जाणार कुठे? साध्या पी.व्ही.सी. आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस आहे.

खरा धोका पुढेच आहे. ४ चौ. मि.मी. वायर पाहून वायरमनने २० अँपिअरचा एम.सी.बी. बसवला. १३ अँपिअर त्याच्या दृष्टीने अगदी योग्य, म्हणून तो पडत नाही आणि बारीक तुकडा मात्र तापत राहतो. एम.सी.बी. उपकरणासाठी नव्हे, वायरच्या रक्षणासाठी असतो. म्हणून त्याच्या पुढे जी सर्वांत बारीक वायर असेल, तिच्या कुवतीवर त्याचा आकडा ठरला पाहिजे. दिव्यांच्या सर्किटमध्ये बोर्डापर्यंत अडीचची आणि पुढे दिव्यापर्यंत एकची वायर चालते, ती एम.सी.बी. ६ अँपिअरचा असला तरच. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणारे हा हिशेबच मोडून टाकतात.

आणखी एक गोष्ट. लाल वायर जाड घालून काळी जुनीच ठेवणारे कारागीर आहेत. न्यूट्रलमधूनही तितकाच प्रवाह परत जातो, हे त्यांना कोणी विचारत नाही!

जोडाविषयी थोडे. जाड आणि बारीक वायर एकाच स्क्रूखाली घातली की स्क्रू जाड वायरला आवळतो, बारीक सैल राहते. सैल जोड तापतो, तापून अधिक सैल होतो. प्रत्येक वायरला स्वतंत्र पकड असलेला कनेक्टर घ्यावा. साधाच असेल तर बारीक तार दुहेरी दुमडून घालावी. नुसता पीळ आणि वर टेप, तोही पाइपाच्या आत, हे कधीही मान्य करू नये. जोड उघडता येईल अशा बॉक्समध्येच हवा.

जुनी वायर ॲल्युमिनियमची असेल तर काळजी दुप्पट. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो, तो वीज नीट वाहू देत नाही. तांब्याशी थेट पीळ दिला आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसाची ओल लागली की ॲल्युमिनियम झिजू लागते. अशा जोडासाठी दोन्ही धातूंकरिता बनवलेलाच कनेक्टर लागतो. माझ्या मते गिझरसारख्या भारासाठी हा खटाटोप करूच नये. नवी सलग वायर ओढावी. दोन-तीन मीटर वायरचा खर्च तो केवढा!

स्विचची पाटी हाताला गरम लागणे, गिझर लावताच दिवा मंदावणे, जळक्या प्लॅस्टिकचा वास येणे, यांपैकी काही दिसले तर मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावे. विद्यार्थ्यांनी स्वतः बोर्ड उघडू नये. काम झाल्यावर कोणत्या एम.सी.बी.वर किती जाडीची वायर आहे आणि जोड कोठे आहे, हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावे. आमच्या बँकेत प्रत्येक नोंद लिहिलेली लागते, त्या सवयीने मी तो कागद एम.सी.बी.च्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवला आहे.