बाळसे की स्थौल्य?
प्राथमिक शाळेतील बालकांचे वाढते वजन : निदान व चिकित्साविचार

वरणगाव परिसरात व्यवसाय करताना आम्हांस एक प्रसंग वरचेवर अनुभवास येतो. इयत्ता तिसरीतील, अंगाने भरलेल्या मुलास घेऊन आई येते व म्हणते, "डॉक्टरसाहेब, हा लवकर दमतो. अशक्तपणा आहे, एखादे टॉनिक द्या." पूर्वी आम्हीही अशा वेळी बल्य अवलेह दिले आहेत. ती आमची चूक होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते; २०१९-२१ मध्ये ते ४.१ टक्के झाले. त्यांतील बहुतेक बालके आज प्राथमिक शाळेत आहेत. त्याच सर्वेक्षणात सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. म्हणून नजरेने अंदाज न करता प्रत्येक मुलाचे मोजमाप घ्यावे.

संप्राप्ती

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूलाचे जे आठ दोष सांगितले, त्यांत दौर्बल्य आणि अतिक्षुधा ही दोन्ही आहेत. मेदच वाढत राहतो, इतर धातूंना पोषण मिळत नाही. मेदाने मार्ग अडल्याने कोष्ठातील वायू अग्नी प्रदीप्त करतो व मूल सारखे खायला मागते. तेव्हा स्थूल बालकाचा अशक्तपणा हे स्थौल्याचेच लक्षण असू शकते. त्यावर बृंहण योजणे म्हणजे रोगासच खतपाणी घालणे होय.

निदान

८ वर्षांचा मुलगा, उंची १२५ सें.मी., वजन ३४ किलो असे उदाहरण घेऊ. वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागल्यास २१.८ हा निर्देशांक येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार या वयाच्या मुलग्यासाठी स्थौल्याची सीमा सुमारे १९.७ आहे. प्रौढांचे निकष बालकांस लावू नयेत. उंची खुंटलेली असणे, मानेवरील त्वचा काळी व जाड होणे, रात्री घोरणे, पूर्वी स्टिरॉइडचे सेवन झालेले असणे, यांपैकी काही आढळल्यास बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

चिकित्सासूत्र

वाढत्या वयात उपवास व तीक्ष्ण लेखन वर्ज्य. वजन घटविण्याचा अट्टहास नको. ते स्थिर राखले तरी पुष्कळ साधते. वरील मुलाची उंची वर्षभरात १३१ सें.मी. झाली व वजन ३४ किलोच राहिले, तर निर्देशांक १९.८ वर येतो.

गुरू परंतु अपतर्पण करणारा आहार हे शास्त्राचे सूत्र. ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, पालेभाजी, वांग्याचे कमी तेलातील भरीत व ताजे ताक आपल्या घरांत आहेतच. शेव, केळीचे वेफर्स, बिस्किटे, शीतपेये व रोजचे शिकरण आवरावे. दिवसा झोप टाळावी. रोज तासभर मैदानी खेळ हवा. पथ्य साऱ्या घराने पाळावे. एकट्या मुलाच्या ताटावर पहारा ठेवल्यास ते चोरून खाते.

औषधालयचालकांस विनंती

वजन-उंची न पाहता मुलांसाठी बल्य कल्प अथवा "वजन कमी करण्याचे" गुग्गुळ कल्प देऊ नयेत. दुकानात वजनकाटा व भिंतीवर उंचीची पट्टी असावी. शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत अतिमेद, अतिमीठ व अतिशर्करायुक्त पदार्थांच्या विक्रीस २०२० च्या अन्नसुरक्षा विनियमांनी मनाई केली आहे. हे आपल्या गावातील शाळा व्यवस्थापन समितीच्या निदर्शनास आणावे.

एका बाटलीची विक्री कमी होईल, हे आम्ही जाणतो. परंतु टॉनिक मागणाऱ्या मातेस मोजपट्टी दाखवून दोन शब्द समजावून सांगणे, हीच त्या बालकाची पहिली चिकित्सा होय.