सैनिकी शाळेत टाकू का?

"ऐकत नाहीस ना? थांब, तुला सैनिकी शाळेतच टाकतो!" उम्म अल कुवैनमध्ये चार मराठी घरं एकत्र जमली की हे वाक्य कानावर पडतंच. अमिरातीत २०१४ साली राष्ट्रीय सेवेचा कायदा आला, तेव्हापासून तर त्याला धारच चढली. पण ती सेवा इथल्या १८ वर्षांवरील नागरिक तरुणांसाठी आहे. बिघडलेल्यांना सुधारण्याचा तो कारखाना नव्हे.

आपल्याकडच्या शाळांचंही तेच. नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये काढली. साताऱ्याची सैनिक स्कूल १९६१ ची. मुलं एनडीएसाठी तयार व्हावीत हा तिचा हेतू. तिथे सहावीत किंवा नववीत, तेही प्रवेश परीक्षा देऊन जायचं असतं. शाळा चुकवणाऱ्या, दहावीत गटांगळ्या खाल्लेल्या आपल्या चिरंजीवांना तिथे जागा कुठली?

खास अशा मुलांसाठी लष्करी शिबिरं काढली ती अमेरिकेने. डोकं भादरायचं, पहाटे उठवायचं, अंगावर ओरडून कवायत घ्यायची. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की या शिबिरांतून आलेले आणि न गेलेले, दोघं पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचं प्रमाण साधारण सारखंच! फ्लोरिडात जानेवारी २००६ मध्ये १४ वर्षांचा एक मुलगा पहिल्याच दिवशी रक्षकांनी केलेल्या बळजबरीत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्या राज्याने त्याच वर्षी ही शिबिरं बंद केली.

मग कवायत वाईट का? तसंही नाही. तिथल्याच नॅशनल गार्डने १९९३ मध्ये 'यूथ चॅलेंज' सुरू केलं. गणवेश आणि शिस्त तीच, पण शाळा सुटलेली १६ ते १८ वर्षांची मुलं स्वतःहून येतात. २२ आठवडे निवासी. त्यानंतर पूर्ण वर्षभर एक मोठा माणूस पाठीशी, आणि तो बहुधा मुलानेच सुचवलेला. सोडत काढून केलेल्या तुलनेत तीन वर्षांनी ही मुलं शिक्षणात, नोकरीत, कमाईत पुढे होती.

माझ्या मते सगळी मेख त्या वर्षात आहे. आमच्या ओळखीतला एक मुलगा गावाकडच्या वसतिगृहातून परत आला, तेव्हा बूट चकचकीत, पलंगाची घडी सुरेख. बापाशी मात्र बोलेना.

तेव्हा पालकहो, माहितीपत्रक मागवण्याआधी मुलालाच विचारा, "जायचंय का तुला?" आणि शाळेला विचारा: फोन कधी करू देता, मारहाणीची तक्रार कोणाकडे करायची, समुपदेशक आहे का, आणि मुलगा घरी परतल्यावर त्याची चौकशी कोण करणार?