होडी का कलंडते, मासा कसा भाजतो

कयाक ही होडी तुम्ही चित्रात पाहिली असेल. लांब, अरुंद, वरून बंद. मधल्या भोकात कमरेपर्यंत बसलेला एकच माणूस, आणि त्याच्या हाती दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे. ग्रीनलंड व उत्तर कॅनडातील इन्युइट लोकांनी (यांना पूर्वी एस्किमो म्हणत) ती सीलच्या शिकारीसाठी घडवली. समुद्राने वाहून आणलेल्या लाकडांचा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेले सीलचे कातडे. आज तीच होडी प्लास्टिकची झाली आहे. अनेक देशांत हौशी मंडळी तिच्यातून गळ टाकून मासे धरतात आणि काठावर शेकोटी पेटवून ते भाजून खातात. या मौजेत भौतिकीचे दोन चांगले धडे आहेत. पहिला जिवाशी गाठ घालणारा आहे, म्हणून त्याला अधिक वेळ देऊ.

गुरुत्वमध्य खाली असला की वस्तू स्थिर, असे आपण शिकतो. तरंगणाऱ्या वस्तूच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. होडीचे वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते. पाण्याचे उत्प्लावक बल मात्र बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर ढकलते. होडी एका बाजूला झुकली की तो भाग अधिक बुडतो आणि उत्प्लावक बलही त्या बाजूला सरकते. आता त्या बलाच्या दिशेने वर एक उभी रेघ काढा. ती होडीच्या मध्यरेषेला जेथे छेदते, त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेल तर दोन्ही बले मिळून होडीला सरळ करतात. वर असेल तर तीच बले तिला पालथी घालतात.

हा बिंदू किती उंच असतो? सोपे जावे म्हणून होडी चौकोनी पेटीसारखी समजू. अशा पेटीत बुडालेल्या भागाच्या मध्यापासून त्याची उंची = रुंदीचा वर्ग ÷ (१२ × बुडालेली खोली). समजा, पेटी २ मीटर लांब व ५० सेंमी रुंद आहे आणि माणसासह तिचे वस्तुमान ८० किलोग्रॅम आहे. ती ८ सेंमी बुडेल. सूत्रावरून उंची येते २६ सेंमी. बुडालेल्या भागाचा मध्य तळापासून ४ सेंमीवर, म्हणून मेटासेंटर तळापासून ३० सेंमीवर. तळाशी बसलेला माणूस व होडी यांचा एकत्रित गुरुत्वमध्य सुमारे २४ सेंमीवर धरू. हाती उरले अवघे ६ सेंमी!

आता लांबी व वजन तेच ठेवून रुंदी ७५ सेंमी करा. रुंदी दीडपट झाली, पण २६ चे झाले ८८, म्हणजे जवळजवळ ३.४ पट. कारण वजन तेच असल्यामुळे ही उंची रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मेटासेंटर आता तळापासून सुमारे ९० सेंमीवर गेला. मासेमारीच्या कयाक मुद्दाम रुंद करतात, त्याचे मर्म हेच. शांत पाण्यात त्यांत उभेही राहता येते. (खऱ्या होडीची टोके निमुळती असतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे यापेक्षा कमी भरतात.) आपल्या कोकणातील कोळ्यांनी दुसरी युक्ती केली. अरुंद होडीच्या बाजूला काही अंतरावर लाकडाची उलांडी बांधली, की रुंदी न वाढवताही तिचा लाभ मिळतो.

मासा गळाला लागला की खरी परीक्षा. गळाची काठी उंच धरलेली असते. समजा, पाण्यापासून मीटरभर उंचीवर माशाने आडवी २० न्यूटनची ओढ दिली, म्हणजे सुमारे २ किलोग्रॅम वजनाइतकी. रुंद होडी जेमतेम २ अंश झुकेल. अरुंद होडीचे गणित २५ अंश सांगते, म्हणजे कड पाण्याखाली गेलीच! जाणते मच्छीमार म्हणूनच होडीचे नाक माशाकडे वळवतात. लांबीच्या दिशेने आपल्या अरुंद पेटीचा मेटासेंटर ४ मीटरांहून उंच येतो. त्या दिशेने ती उलटणे अशक्यप्रायच. मग मासा होडीच ओढू लागतो आणि ओढून ओढून थकतो.

इन्युइटांनी होडी अरुंद ठेवली, कारण त्यांना वेग हवा होता. उलटल्यावर बाहेर न पडता वल्ह्याच्या फटक्याने व कमरेच्या झटक्याने पुन्हा सरळ व्हायचे, ही त्यांची विद्या. ब्रिटिश संशोधक गिनो वॉटकिन्स यांनी १९३०-३१ च्या मोहिमेत ग्रीनलंडमध्ये ती आत्मसात केली होती. तरीही १९३२ च्या ऑगस्टमध्ये ते एकटेच सीलच्या शिकारीला गेले आणि परतले नाहीत. रिकामी कयाक तेवढी सापडली. ते अवघे २५ वर्षांचे होते. थंड पाणी फार घातक असते. स्थिर पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या सुमारे २४ पट आहे. शरीराची ऊब ते भराभर काढून घेते.

भिजून आलेल्याला शेकोटी हवी, ती दुहेरी कारणाने. मासा भाजताना मात्र ज्वाळा नको, निखारे हवेत. ज्वाळेत काजळी असते आणि तिची उष्णता क्षणाक्षणाला बदलते. निखारे स्थिरपणे प्रारण देत राहतात. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणून निखाऱ्यावर नुसता वारा घातला तरी मासा करपू लागतो. थर पसरट असेल तर जाळी थोडी वर उचलल्याने प्रारणात फारसा फरक पडत नाही. थर विरळ करणे बरे. माशाचे मांस बकऱ्याच्या मांसापेक्षा लवकर शिजते, कारण त्यातील संयोजी ऊती थोड्या व नाजूक असतात. ओल्या पानात गुंडाळला तर पान सुकेपर्यंत बाहेरचा भाग १०० अंश सेल्सिअसच्या वर फारसा जात नाही.

चुलीला नदीतले ओले दगड लावू नयेत. फटींतल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो आणि कपच्या उडतात. विझवतानाही वाळू टाकून निघून जाऊ नये. वाळू उष्णतेची मंद वाहक, तिच्याखाली निखारे तासन् तास धगधगत राहतात आणि अनवाणी पाय भाजतो. एक लीटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता निघून जाते. म्हणून पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. आणि राखेजवळ हात धरून ऊब लागत नाही हे पाहिल्यावरच होडी पाण्यात ढकला.