रिकाम्या हाताने ये

यवतमाळ,
आगमनकाळाचा पहिला रविवार

प्रिय विनय,


काल तुझ्या आईचा फोन आला. यंदा तू गायनमंडळात नाहीस आणि नाताळपर्यंत चर्चलाही येणार नाहीस म्हणे. हरलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने गाणी म्हणायची, असं तू तिला विचारलंस. फोनवर तू नुसतं हो हो करतोस, म्हणून लिहायला बसलो.

गेल्या आठवड्यात तुझ्या वावरात पऱ्हाटीजवळ उभा राहून मी एक बोंड उकललं होतं. दोन पाकळ्या पांढऱ्या, बाकीची कवडी झालेली, आत अळीची घाण. वेचणीची मजुरीही निघणार नाही हे मला तिथेच कळलं. त्यामुळे सगळं ठीक होईल असं मी तुला सांगणार नाही. आणि देवाने तुला धडा शिकवायला हे केलं असं कोणी म्हणालं, तर मुळीच ऐकू नकोस. २०१७ साली याच गुलाबी बोंडअळीने आपला जिल्हा झोपवला, त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. ती काय आपल्यापेक्षा पापी होती? शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्यांबद्दल प्रभूनेही लोकांना हेच विचारलं होतं.

आगमनकाळाला तू आनंदाचा काळ समजून बसलास. अरे, वेदीवरचं जांभळं कापड लेंटमध्येही तेच असतं. बंदिवासात पडलेल्या लोकांना यशयाने दिलेली आश्वासनं आपण या दिवसांत वाचतो. ज्यांचं सगळं नीट चाललंय, त्यांना वाट कशाची पाहायची?

मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ आपण कंटाळून भराभर वाचतो. यंदा सावकाश वाच. त्यात रूथ आहे. दुष्काळात गाव सोडून गेलेल्या घरातली ही परदेशी सून. सासरा गेला, नवरा गेला, दीर गेला. सासूबरोबर बेथलेहेमला आली ती जवाच्या कापणीला, आणि परक्याच्या शेतात सरवा वेचू लागली. पण मला तिच्याहून तिची सासू नामी जास्त आठवते. भरल्या घराने गेलेली ही बाई गावात शिरताच, आपण रिकामी परत आलो हे बायांना उघड सांगते. देवावरचा रागही लपवत नाही. त्या गावाने दोघींना सामावून घेतलं, रूथ दाविदाची पणजी झाली, आणि पुढे तारणारा त्याच गावात जन्मला. नामीने दार लावून घेतलं असतं तर?

पंडिता रमाबाईंचंही तसंच. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली, १८८० मध्ये भाऊ, दोन वर्षांत नवरा. आपल्या घराने उपासमार कशी सोसली हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. म्हणूनच १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली पाहिल्यावर त्यांना गप्प बसवेना. त्या मुलींना त्यांनी आणलं आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. याने त्यांची दुःखं संपली असं समजू नकोस. १९२१ मध्ये एकुलती लेक मनोरमा गेली, पुढच्या वर्षी त्या स्वतः गेल्या. कृपा म्हणजे पीकविमा नव्हे, झालेलं नुकसान ती भरून देत नाही. पण मोडलेल्या माणसाला ती एकटं राहू देत नाही, आणि बहुतेकदा येते ती दुसऱ्या माणसाच्या पायांनी. त्या पायांना दार उघडावं लागतं, बाबा.

आपल्या जिल्ह्यात गप्प बसलेल्या तरुण शेतकऱ्याची मला फार भीती वाटते, हे तुला स्पष्टच सांगतो. जिवाचं काही वेडंवाकडं करायचं मनात आलं तर रात्री दोन वाजताही फोन कर. मामी उचलेल नाहीतर मी उचलेन.

फरदड ठेवायच्या भानगडीत पडू नकोस. शेत मोकळं कर, अळी पुढच्या हंगामात तरी कमी राहील. येत्या रविवारी उपासनेला ये. गाणं म्हणू नकोस, मागच्या बाकावर माझ्याजवळ बस. पाळकसाहेबांना खरं काय ते सांग, शब्द सापडत नसतील तर मी सांगेन. आणि येताना बँकेचं पासबुक, कृषी केंद्राची उधारीची बिलं आणि हातउसने कोणाचे किती, हे सगळं एका पिशवीत घालून आण. दुपारी जेवण झालं की तू, मी आणि मामी हिशोबाला बसू.

तुझा,
मामा