आंत्रस्थ सूक्ष्मजीव व व्याधिक्षमत्व : झेब्राफिशवरील एक अभ्यास

चरकसंहितेच्या विमानस्थानात (अध्याय ७) वीस कृमी सांगताना सहज कृमी वगळले आहेत. टीकाकार चक्रपाणी त्यांना अवैकारिक म्हणतात. या संदर्भात रॉल्स, सॅम्युएल व गॉर्डन यांचे २००४ सालचे संशोधन आम्हांस मननीय वाटते. झेब्राफिश माशाची निर्जंतुक वाढविलेली पिल्ले व जंतुसहित पिल्ले यांची त्यांनी तुलना केली. आंत्रस्थ सूक्ष्मजीवांमुळे २१२ जनुकांची क्रियाशीलता बदललेली आढळली; त्यांत जन्मजात प्रतिकारशक्तीची, पोषणाची व आंत्रस्तराच्या पेशीवृद्धीची जनुकेही होती. यांपैकी ५९ प्रतिसाद उंदरांतही दिसतात. एवढ्यावरून सहज कृमी म्हणजे हेच सूक्ष्मजीव, असे आम्ही म्हणणार नाही. मासा तो मासाच. दीर्घकाळ कृमिघ्न द्रव्ये देताना या अवैकारिकांचे काय होते, हा प्रश्न मात्र आपल्या रुग्णपत्रकांत यावयास हवा.